शुअर एसएम ५८: फिरतीवरच्या गायकाचा माइक

नाव अजून व्हायचे आहे, अशा गायकाला ध्वनियंत्रणा निवडण्याचा अधिकार नसतो. मिक्सर, स्पीकर, सभागृहाचा घुमारा हे सारे त्या त्या ठिकाणचे असते, आणि साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला, मुख्य कलाकाराचे आटोपल्यावर जेमतेम दहा मिनिटे मिळतात. या फिरतीत माझ्या हाती उरते ती एकच गोष्ट, माइक; आणि गेली सात वर्षे तो शुअर कंपनीचा एसएम ५८ आहे.

हा माइक १९६६ साली आला. नावातले ‘एसएम’ म्हणजे ‘स्टुडिओ मायक्रोफोन’, पण त्याला खरा आश्रय दिला तो रंगमंचाने. डायनॅमिक जातीचा, म्हणजे आवाजाच्या हालचालीतून स्वतःच सिग्नल निर्माण करणारा, असल्याने त्याला फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरकडून केबलमधून येणारा वीजपुरवठा, लागत नाही. मिक्सर कितीही जुना असो, केबल जोडली की गायला उभे राहता येते. आवाज टिपणाऱ्या आतल्या कार्ट्रिजला हादरे शोषणारी बैठक आहे, आणि पडला तर पोलादी जाळी चेपते. ती वेगळी विकत मिळते.

माझ्यासारख्याला तो मोलाचा वाटतो तो मात्र शब्दांसाठी. समोरच्या श्रोत्यांनी माझी गाणी पूर्वी कधी ऐकलेली नसतात. पहिल्याच खेपेला शब्द कळले नाहीत, तर दुसरी खेप मिळत नाही. ५० ते १५,००० हर्ट्झ या पल्ल्यात हा माइक वरच्या मध्यम कंप्रतांना मुद्दाम उठाव देतो, त्यामुळे ढोल-गिटारच्या गर्दीतूनही व्यंजने स्पष्ट पोहोचतात. एका कार्यक्रमात घाईघाईने तिथलाच माइक घेऊन गायलो, तेव्हा ओळखीच्या माणसांनाही अर्धा अंतरा कळला नव्हता. त्या रात्रीपासून मी स्वतःचा माइक पिशवीतून बाहेर काढायला कधीही विसरलेलो नाही.

तो कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा, असल्यामुळे पाठीमागचा आवाज सर्वांत कमी घेतो. म्हणून मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा रंगमंचावरचा स्पीकर, बरोबर माइकच्या शेपटीच्या दिशेला ठेवावा, आणि जाळी मुठीत झाकून गाऊ नये. झाकली की ही दिशाभेदाची शक्ती जाते, स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजू लागते. ओठ अगदी टेकवले तर खर्ज फुगतो, हेही सवयीने सांभाळावे लागते.

घरी हळुवार गाणे ध्वनिमुद्रित करायचे असेल तर मी कंडेन्सर जातीचा, अधिक संवेदनशील माइक सुचवीन. श्वासाची नाजूक किनार एसएम ५८ मध्ये पुरेशी उतरत नाही, आणि त्याचा सिग्नल मंद असल्याने साध्या ऑडिओ इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावर) गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, बराच वाढवावा लागतो.

याच्या हुबेहूब नकला बाजारात पुष्कळ आहेत, तेव्हा खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी. आणि दर काही कार्यक्रमांनंतर जाळी फिरवून काढावी, आतल्या फोमसह धुवावी, पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नये.