गोष्टीचा तास की दवाखान्यातलं पुस्तक?

लहानग्यांना वाचून दाखवायची सवय घराघरांत रुजवायची, तर दोन वाटा दिसतात. ग्रंथालयातल्या गोष्टीच्या तासाला मुलं रमतात, आवाज कसा चढवायचा-उतरवायचा हे आईबाबांच्याही कानावर पडतं. पण तिथे येतात ती बहुधा आधीच वाचणारी घरं. दुसरी वाट दवाखान्याची: लस द्यायला मात्र बहुतेक सगळेच बाळाला तिथे आणतात. १९८९ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी नेमकं हेच हेरलं आणि तपासणीला आलेल्या बाळांना पुस्तकं द्यायला सुरुवात केली. ६ महिन्यांचं बाळ पुस्तक आधी तोंडात घालतं, मग चित्रावर थाप मारतं. तेव्हाच डॉक्टरांना आईबाबांना सांगता येतं: चित्रावर बोट ठेवून नाव घ्या, पान पुरं झालं नाही तरी चालेल. पैसे एकाच उपक्रमाला पुरणार असतील, तर मी दवाखानाच निवडेन. ते पुस्तक घरी जातं, रोज रात्री उघडता येतं.