तपकिरी शिरेची कडवळ: एका हंगामाचा अनुभव

सांगोल्याजवळ आमच्या चार संकरित गाई आहेत. यंदा जूनमध्ये विहिरीखालच्या २० गुंठ्यांत बीएमआर (ब्राउन मिडरिब, म्हणजे तपकिरी मधल्या शिरेची) जातीची, पुन्हा पुन्हा कापता येणारी चाऱ्याची ज्वारी पेरली. ५ किलोची एक पिशवी पुरली. नेहमीच्या कडवळीच्या बियाण्यापेक्षा ती महाग पडली.

पाच-सहा पानांवर पीक आलं आणि पानाची मधली शीर तपकिरी दिसू लागली. सासूबाई बांधावरूनच म्हणाल्या, "अगं, तांबेरा पडला की गं!" मी पान बोटानं चोळून बघितलं. तांबेऱ्याची भुकटी बोटाला लागते, इथं काहीच लागलं नाही. मुलगी कृषी महाविद्यालयात शिकते, तिनं फोनवर समजावलं. धाटाला कडकपणा देणारं लिग्निन तयार करणाऱ्या एका जनुकात बिघाड असतो. त्यामुळे लिग्निन कमी बनतं, चारा पचायला सोपा होतो आणि शिरेला हा रंग चढतो. मक्यात अशी झाडं अमेरिकेत मिनेसोटाला १९२४ मध्ये दिसली. ज्वारीत ती पर्ड्यू विद्यापीठात बियाण्यावर रसायनाची प्रक्रिया करून मिळवली, ते १९७८ मध्ये जाहीर झालं. बाहेरचं जनुक यात घातलेलं नाही.

तिनं सांगितलेली आणखी एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. हा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. म्हणजे पांढरट शिरेचं ताट दिसलं की ते भेसळीचं. मी एका ओळीतली १०० ताटं मोजली, ७ पांढऱ्या शिरेची निघाली. एवढे पैसे घेऊन ही भेसळ मला मान्य नाही. पिशवीवर शिरेच्या रंगाबद्दल एक ओळही नव्हती. घाबरून कुणी उभं पीक मोडलं असतं तर?

गाईंचं म्हणाल तर मी समाधानी आहे. साध्या कडवळीची जाड धाटं त्या गव्हाणीत तशीच ठेवायच्या, सकाळी पाटी भरून उकिरड्यावर जायची. आता कुट्टी न करता टाकलं तरी गव्हाण चाटून पुसून साफ. सरकी पेंड गाईमागे रोज अर्धा किलो कमी केली, तरी डेअरीत फॅट उतरलं नाही.

पण धाट मऊ, म्हणून वाऱ्याला टिकत नाही. सप्टेंबरच्या पावसात दुसऱ्या कापणीआधी निम्मं रान आडवं झालं. युरिया जास्त पडला, ती चूक माझी. पुढच्या वेळी बांधाला शेवरी लावून आडोसा करणार आहे.

शीर तपकिरी म्हणून किराळीची, म्हणजे कोवळ्या ज्वारीतून होणाऱ्या विषबाधेची, भीती जात नाही, हे नव्या माणसानं नीट ध्यानात ठेवावं. कापल्यावर फुटलेले कोवळे कोंब खायला गाई रानात सोडू नका, पाण्याचा ताण असेल तर मुळीच नाही. पहिली कापणी आम्ही ५८ व्या दिवशी घेतली.

बियाणं पुन्हा घेईन, पण दुसऱ्या दुकानातून, आणि पेरल्यावर पहिल्याच महिन्यात ओळीतल्या शिरा मोजीन.