नटराज घरात आल्याला आठ महिने झाले

तामिळनाडूत कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैहून फूटभर उंचीची नटराजाची मूर्ती आणली. आणल्या आणल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून थांबलो.

आधी वजन. भरीव ओतकाम, साडेसात किलो. काचेच्या फळीचा बेत उचलताक्षणीच रद्द केला. पद्धत मेणाची: मधमाशीच्या मेणात राळ मिसळून मूर्ती घडवायची, वरून कावेरीकाठच्या मातीचे लेप द्यायचे, भाजून मेण काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडावाच लागतो, म्हणून हुबेहूब दुसरी निघत नाही. माझ्या मूर्तीच्या खांद्यामागे छिन्नीचा ओरखडा राहिलाय. पैसे देताना दिसला असता तर घासाघीस केली असती.

विक्रेता 'चोळ मूर्ती' म्हणत होता, म्हणजे जुन्या चोळ राजांच्या काळातली. चोळ शैलीची, एवढंच. शंभर वर्षांहून जुनी असती तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणीची भानगड मागे लागली असती.

मोठी चूक माझीच. दुसऱ्या महिन्यात मीठ-लिंबानं चोळली. लख्ख झाली खरी, पण जटांच्या खाचांत मीठ अडकलं आणि पुढे तिथे पोपटी भुकटी धरली. मिठातलं क्लोराइड दमट हवेत मूर्तीच्या धातूतल्या तांब्याला खात राहतं. डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रश आणि कडकडीत वाळवणं, असं तीनदा केल्यावर थांबलं. आता फक्त कोरडा ब्रश. मूळचा तपकिरी रंग मात्र जटांत अजून परतलेला नाही.

ब्रश फिरवताना मूर्ती नीट पाहिली जाते. दोन्ही कानांतली कुंडलं वेगळी आहेत, हे चौथ्या महिन्यात कळलं: उजव्यात पुरुषाचं, डाव्यात स्त्रीचं. पुढचा डावा हात सोंडेसारखा आडवा येऊन उचललेल्या पावलाकडे बोट दाखवतो. पायाखालचा अपस्मार, म्हणजे अज्ञानाचं रूप मानलेला बुटका असुर, समोरून जेमतेम दिसतो; मूर्ती छातीएवढ्या उंचीवर ठेवली तेव्हा त्याचा चेहरा दिसला. चिरडला जातोय असं वाटतच नाही, निवांत पहुडलाय.

तक्रार प्रभावळीची. ती वेगळी ओतून पीठावर खुंट्यांनी बसवलीय आणि डावी खुंटी सैल आहे. दार आपटलं की खुळखुळते. सध्या कागदाची घडी सारून भागवलंय. मूर्तिकार म्हणतात, घेऊन या, फुकट पक्की करून देऊ. साडेसात किलो पुन्हा रेल्वेत वाहून न्यायची माझी तयारी नाही.