ट्रकमधला ईएलडी: हिवाळा-उन्हाळा वापरून झाल्यावर

कॅलिफोर्नियातून भाजीपाल्याचा रीफर (थंड डब्याचा ट्रक) घेऊन शिकागोकडे जायचं, तिकडून मिळेल तो माल घेऊन परत यायचं, हे माझं काम. आमच्या मालकांनी जुनं यंत्र काढून हा ईएलडी (इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस, म्हणजे ड्रायव्हरच्या ड्यूटी-विश्रांतीच्या तासांचा लॉग ठेवणारं यंत्र) बसवला त्याला आता एक अख्खा हिवाळा आणि उन्हाळा होऊन गेला. ब्रँडचं नाव लिहीत नाही. नियम सगळ्यांना एकच, स्क्रीनचे रंग तेवढे वेगळे. शिवाय नवीन लायसन्स काढलेली आपली पोरं फोन करतात तेव्हा ‘कुठला घेऊ’ हे क्वचितच विचारतात. ‘झोपेचं कसं लावायचं’ हेच विचारतात. तेव्हा त्यावरच जास्त लिहितो.

यंत्र म्हणजे डॅशबोर्डखालच्या नऊ पिनांच्या पोर्टमध्ये बसणारी एक डबी आणि तिच्याशी ब्लूटूथने बोलणारा टॅब्लेट. डबीबद्दल तक्रार नाही. टॅब्लेट मात्र बार्स्टो-नीडल्सच्या वाळवंटी पट्ट्यात उन्हाळ्यात काचेजवळ ठेवला की तापून बंद पडतो. म्हणून स्टँड खाली, एसीच्या झोताजवळ लावा.

आता घड्याळं. सलग १० तास सुट्टी झाली की ११ तास चालवायला मिळतात, पण कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. चालवण्याचे ८ तास भरले की ३० मिनिटं थांबल्याशिवाय पुढे चालवायचं नाही. आमच्यासारख्यांना ८ दिवसांत ड्यूटीचे ७० तास, आणि ३४ तास सलग सुट्टी घेतली की तो हिशेब नव्याने सुरू. सगळी वेळ होम टर्मिनलची, म्हणजे आमच्या कॅलिफोर्नियातल्या मूळ तळाची. त्यामुळे शिकागोत रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा माझ्या लॉगवर कुठे नवीन तारीख लागते. सुरुवातीला डोकं फिरतं, मग सवय होते.

गाडी हलली की यंत्र आपोआप ‘ड्रायव्हिंग’ लावतं, त्यात आपला हात नाही. पण थांबल्यावर काय? पाच मिनिटं गाडी उभी राहिली की ते विचारतं, अजून चालवताय का? मिनिटभरात उत्तर दिलं नाही तर ते ‘ऑन ड्यूटी’ लावून मोकळं होतं. ‘ऑफ ड्यूटी’ नाही, ‘स्लीपर’ (बर्थवरची झोप) तर नाहीच. म्हणजे ब्रेक ओढून तसेच मागच्या बर्थवर आडवे झालात, तर सकाळी रात्रभराची झोप ड्यूटी म्हणून लिहिलेली दिसेल. दुरुस्ती करता येते, कारण लिहून. आपोआप नोंदलेला चालवण्याचा वेळ मात्र कमी करता येत नाही. चाकं फिरली हे यंत्राला इंजिन सांगतं. तुम्ही झोपलात हे तुम्हालाच सांगावं लागतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी मेख हीच आहे.

याचा फायदा-तोटा डॉकवर, म्हणजे माल चढवा-उतरवायच्या धक्क्यावर, कळतो. समजा पहाटे ५ ला ड्यूटी सुरू केली, चार तास चालवून कोल्ड स्टोरेजला पोचलो, कागद दिले, आणि माल तयारच नाही. साडेनऊला स्लीपर लावून पडदा ओढला, पाचला माल भरून झाला. हेच साडेसात तास ‘ऑन ड्यूटी’ म्हणून बसून काढले असते तर १४ तासांतले दोनच उरले असते, संध्याकाळी ७ ला दुकान बंद. स्प्लिट घेतलं, म्हणजे १० तासांची सुट्टी दोन तुकड्यांत केली, तर बर्थमधले ७ तास किंवा जास्त, आणि दुसरीकडे किमान २ तासांची सुट्टी, दोन्ही मिळून १० भरले की ती दोन्ही थांबणी १४ तासांच्या मुदतीतून, आमच्या भाषेत खिडकीतून, वगळली जातात. म्हणजे पाच वाजता माझे खिडकीतले साडेनऊ तास आणि चालवण्याचे ७ तास शिल्लक. पुढे कुठेतरी अडीच तास थांबायचं, ते न चुकता. ते चुकवलं तर आधीचा सगळा हिशेब उलटतो. आमच्या यंत्राची स्क्रीन इथे गोंधळते: दुसरा तुकडा पुरा होईपर्यंत जुनीच लाल पट्टी दाखवत बसते. मी वहीत पेन्सिलीने मांडून ठेवतो.

अर्ध्या तासाच्या ब्रेकचं २०२० पासून बरं झालंय. पूर्वी तो ‘ऑफ ड्यूटी’च लागायचा, आता गाडी न चालवता सलग ३० मिनिटं गेली की झालं, मग डिझेल भरा नाहीतर रांगेत उभे राहा. पण सलग म्हणजे सलग. अठ्ठाविसाव्या मिनिटाला डॉकवाला दारावर थाप मारून ‘पुढच्या दाराला लाव’ म्हणतो. ताशी पाच मैलांच्या आत, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सरकलात तर आमचं यंत्र जागं होत नाही. जरा दाबलंत की पुन्हा शून्यापासून मोजायचं.

पार्किंग हे दुसरं दुखणं. रात्री आठनंतर आय-८० हायवेवरच्या ट्रकस्टॉपवर जागा शोधून दाखवा. घड्याळ संपत आलं की माणूस जागा शोधत नाही, जागेवर झडप घालतो. माल उतरवल्यावर जवळच्या सुरक्षित जागी झोपायला जायला ‘पर्सनल कन्व्हेयन्स’ (ड्यूटीबाहेर, स्वतःच्या कामासाठी गाडी हलवल्याची नोंद) लावता येतं, आणि झोपेत पोलिसाने उठवून गाडी हलवायला सांगितली तरीही. पण त्याच्या नावाखाली वाटेतली मोकळी जागा सोडून उद्याच्या लोडकडे सरकायचं नाही. तपासणीत ते लगेच दिसतं.

ऑफिसने लॉगमध्ये बदल सुचवला की तो माझ्या स्क्रीनवर येतो आणि मी मान्य केल्याशिवाय लागू होत नाही. मागच्या एका कंपनीत ‘अ‍ॅक्सेप्ट कर दे पाजी’ असा मेसेज आधी यायचा, बदल नंतर. ती नोकरी मी सोडली. मूळ नोंद मागे राहतेच आणि सहीही आपलीच असते, हे नव्या मुलांनी ध्यानात ठेवावं. ‘लॉग साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी तर लागूच नका. असली यंत्रं सरकारी यादीतून काढली जातात आणि मग सगळा ताफा ६० दिवसांत बदलायची धावपळ.

मला झालेला खरा फायदा वेगळाच. डिस्पॅचर (ऑफिसातून गाड्यांना कामं देणारा) ‘बस दोन तासांचा सवाल आहे’ म्हणाला की मी वाद घालत नाही, स्क्रीनचा फोटो पाठवतो. कागदी लॉगच्या काळात ड्रायव्हरला हे सोपं नव्हतं; त्या वह्यांना जुने लोक कॉमिक बुक म्हणायचे, त्यात काय ते समजा. आपल्याकडेही १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाचे ८ तास आणि ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. सांगलीकडून मुंबईला गाडी नेणारे माझे मित्र ते ऐकून हसायचे.

कोऱ्या कागदी ग्रिड (हाताने लॉग भरायचे चौकटींचे कागद) किमान ८ दिवसांच्या पुरतील एवढ्या गाडीत ठेवा, नियमच आहे तो. डोनर पास घाटाच्या बर्फात माझी डबी बंद पडली तेव्हा त्याच कामी आल्या. दुरुस्तीला ८ दिवस मिळतात, आमच्या सपोर्टवाल्यांनी पाचव्या दिवशी नवी डबी पाठवली. करार वाढवायला मी मालकांना हो म्हटलंय, टॅब्लेट मात्र दुसरा द्या या अटीवर.