काळी काच म्हणजे पोलराइज्ड नव्हे

खुल्या पाण्यात पोहण्याचे गॉगल घेताना माणूस सगळ्यात जास्त फसतो तो काचेच्या रंगाला. खोक्यावर ‘पोलराइज्ड’ (म्हणजे पाण्यावरून येणारी चकाकी गाळणारी काच) छापलेलं, काच काळीकुट्ट, वर आरशासारखी झळाळी. आत मात्र साधं रंगवलेलं प्लास्टिक. ऊन समोरून आलं की पाण्यावरची चकाकी तशीच डोळ्यांत घुसते आणि पुढचा बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, काही दिसत नाही.

हा खोटेपणा पकडायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. त्याच्या आकड्यांवर एक काच धरा आणि हळूहळू अर्धा फेरा फिरवा. काच खरी असेल तर एका कोनात आकड्यांची पट्टी पार काळी पडते. नुसती रंगीत असेल तर कशीही फिरवा, फरक पडत नाही. दुसरी काचही अशीच बघा.

अतिनील किरणांचं गणित वेगळं. ते अडवायला काच गडद असावी लागत नाही, पारदर्शक काचही अडवू शकते. उलट संरक्षण नसलेली गडद काच जास्त वाईट: अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरणांना वाट मिळते. हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, त्यामुळे ‘यूव्ही ४००’ (४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारी काच) असा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो नग सोडून द्या.

‘सिलिकॉन’ म्हणून काचेभोवतीची पीव्हीसी या प्लास्टिकची कड गळ्यात मारणं हेही नेहमीचंच. कड चिमटीत दुमडून सोडा. सिलिकॉन लगेच पूर्ववत होतं; पीव्हीसी आळसावून उलगडतं, बहुधा वासही मारतं आणि गार पाण्यात कडक होतं.

मग मापाचा प्रश्न. पट्टा न लावता काचा डोळ्यांवर हलकेच दाबा आणि हात काढा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिल्या तर बसल्या. लगेच पडल्या की “पट्टा आवळा, बसेल” हे विक्रेत्याचं उत्तर ठरलेलंच. ऐकू नका. आवळल्याने कड वाकडी होऊन पाणी शिरतंच, वर तासाभराने कपाळ ठणकायला लागतं. नाकाच्या बाजूने फट राहत असेल तर नाकपट्टी बदलून बघा. ती बदलता येत नसेल तर दुसरा गॉगल.

वाफ न धरणारा लेप काचेच्या आतल्या बाजूला असतो आणि बोटाने चोळला की जातो. काच किती स्वच्छ आहे हे दाखवायला विक्रेत्याने आतून अंगठा फिरवला, तर बंद खोक्यातला दुसरा नग मागा. आणि या सगळ्या तपासण्या कोरड्यानेच उरका, कारण पाणी लागलेला गॉगल सहसा कोणी परत घेत नाही.