जेंटू बसवायला खरंच किती वेळ लागतो

जेंटू म्हणजे प्रोग्रॅम सहसा तयार न घेता सोर्स कोड पासून आपल्याच मशीनवर कंपाईल करणारं लिनक्स. त्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच येतो, आणि सरळ उत्तर कोणी देत नाही, "डिपेंड्स" म्हणून मोकळे होतात. माझं मत असं की बेस सिस्टिमला लोक घाबरतात तेवढा वेळ लागत नाही, डेस्कटॉपला मात्र वाटतो त्याहून जास्त लागतो, आणि त्यातला बराचसा वेळ पाच-सहा पॅकेजेसच खातात. बाकीची शेकडो पॅकेजेस कधी येऊन गेली तेही कळत नाही.

पूर्वी स्टेज वन पासून, म्हणजे अगदी तुटपुंज्या सिस्टिम पासून सुरुवात करून कंपायलर सकट सगळं बांधत बसायचे, आता हँडबुक (जेंटूचं ऑफिशियल मार्गदर्शक) सरळ स्टेज थ्री घ्यायला सांगतं, त्यात जीसीसी (कंपायलर), ग्लिबसी (मूळ सी लायब्ररी), पोर्टेज (जेंटूचा पॅकेज मॅनेजर) सगळं तयार असतं. त्याचा टारबॉल (आर्काइव्ह फाईल) उघडा, सीएचरूट करून त्या नव्या सिस्टिमच्या आत शिरा, मेक डॉट कॉन्फ ही पोर्टेजची सेटिंग फाईल भरा, झालं. कर्नल पण जेंटू-कर्नल-बिन म्हणून तयार मिळतो. बिन नसलेला जेंटू-कर्नल घेतलात तर तो जनरिक कॉन्फिगने, म्हणजे तुमच्याकडे नसलेल्या हार्डवेअरचे पण ढीगभर मॉड्यूल घेऊन कंपाईल होतो, त्यामुळे स्वतः छाटून बनवलेल्या कर्नलपेक्षा बराच जास्त वेळ घेतो हे लक्षात ठेवा.

खरी मजा पुढे. एलएलव्हीएम, रस्ट, जीसीसी, वेबकिट-जीटीके, क्यूटी वेबइंजिन ही ती वेळखाऊ मंडळी, म्हणजे कंपायलर आणि ब्राउझर इंजिनं. वेबइंजिन म्हणजे पोटात जवळजवळ अख्खं क्रोमियमच (क्रोम ब्राउझरचा ओपन सोर्स गाभा), आणि ते येतं कशामुळे तर कुठल्यातरी फुटकळ ॲपला आत एक हेल्प पेज दाखवायचं असतं म्हणून, त्यामुळे एंटर मारायच्या आधी इमर्जला (पॅकेज बसवायची कमांड) प्रिटेंड लावून, म्हणजे काही न बसवता, नुसती यादी वाचा आणि असं काही दिसलं तर त्याचा यूज फ्लॅग (पॅकेज मधली एखादी सोय चालू-बंद करायचं बटण) बंद करून ते टळतंय का बघा. जीसीसीची तर वेगळीच कथा, तो नॉर्मल बूटस्ट्रॅप मध्ये स्वतःला तीनदा बिल्ड करतो: आधी जुन्या कंपायलरने, मग त्यातून निघालेल्याने, मग परत एकदा, आणि शेवटच्या दोन्हींचा निकाल सारखा आहे का ते तपासतो. फायरफॉक्सला पीजीओ (प्रोफाइल बघून ऑप्टिमाइझ करणं) चालू केलंत तर एकदा बिल्ड, मग चालवून प्रोफाइल गोळा करणं, मग पुन्हा बिल्ड. एलटीओ (लिंक करताना होणारं ऑप्टिमायझेशन) त्याच्यावर अजून. हौसेला मोल नाही.

सगळे कोअर मोजतात, रॅम कोणी मोजत नाही. हँडबुक स्पष्ट सांगतं की एकाच वेळी चालणाऱ्या दर कंपाईल जॉबला निदान 2 जीबी रॅम धरा, म्हणजे 16 थ्रेड आणि 16 जीबी रॅम असेल तर मेकऑप्ट्स या सेटिंग मध्ये जे-8 (एकदम 8 जॉब) च, जे-16 नाही. सी प्लस प्लसच्या मोठ्या फायली एकदम कंपाईल व्हायला लागल्या की मशीन आधी स्वॅप मध्ये (रॅम ऐवजी डिस्कवर) रांगतं आणि मग रॅम संपली की प्रोग्रॅम मारणारा ओओएम किलर येऊन कंपायलरला उडवतो, तेही बिल्ड 90 टक्के झालेलं असताना. इमर्जला वेगळे जॉब्स (एकदम किती पॅकेजेस) दिले तर ते मेकऑप्ट्सच्या आकड्याने गुणले जातात हे पण बरेच जण विसरतात. पोर्टेजची टेम्प डिरेक्टरी टीएमपीएफएस वर, म्हणजे रॅम मध्येच, ठेवायची आयडिया लहान पॅकेजला चांगली आहे, वरच्या मंडळींना मात्र पॅकेज डॉट एन्व्ह (पॅकेजनिहाय सेटिंग) मधून डिस्कवर पाठवा. आधीच्या कंपाईलचे निकाल साठवणाऱ्या सीसीकॅशचा पहिल्या इन्स्टॉलला फारसा उपयोग नाही, कॅशच रिकामी असते.

29 डिसेंबर 2023 ला जेंटूने ऑफिशियल बायनरी (आधीच कंपाईल केलेल्या) पॅकेजेसची घोषणा केली आणि माझ्या मते इतक्या वर्षांत वेळेच्या बाबतीत एवढा फरक कशानेच पडला नसेल. पोर्टेज मध्ये गेटबिनपीकेजी ही सोय चालू करायची, यूज फ्लॅग जुळले तर तयार पॅकेज येतं, नाहीतर पोर्टेज गुपचूप सोर्स कडे वळतो. म्हणजे जड पॅकेजेसचे फ्लॅग डिफॉल्ट ठेवायचे आणि खाज बाकीच्यांवर भागवायची. "मग जेंटू कशाला" म्हणणारे भेटतील, भेटू द्या. मार्च-नेटिव्हने (आपल्याच सीपीयूसाठी खास कंपाईल करायचा पर्याय) रोजच्या वापरात जाणवेल असा स्पीड येतो हे मला पटत नाही, व्हिडिओ कोडेक वगैरे तसेही चालताना सीपीयू ओळखून आपापलं असेंब्ली वापरतात. जेंटू घ्यायचं ते यूज फ्लॅगसाठी, जे नको ते आतच येऊ द्यायचं नाही यासाठी.

दुसऱ्याच्या मशीनचे आकडे बघून अंदाज बांधू नका. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच (अख्खं लिनक्स हाताने बांधायचं पुस्तक) वाले म्हणूनच मिनिटं सांगतच नाहीत, बिनयुटिल्स (लिंकर, असेंबलर वगैरे) पहिल्यांदा बिल्ड करायला तुमच्या मशीनवर लागलेला वेळ म्हणजे एक एसबीयू (स्टँडर्ड बिल्ड युनिट), बाकी सगळं त्याच्या पटीत. जेंटू मध्ये जेनलॉप टाका, तो इमर्जच्या लॉग मधून कुठल्या पॅकेजला किती वेळ गेला ते काढून देतो.

आणि रात्रभर लावून झोपणार असाल तर इमर्जला कीप-गोइंग (एखादं पॅकेज अडलं तरी पुढे चालू ठेव) द्यायला विसरू नका, नाहीतर तिसऱ्याच पॅकेजला एरर येऊन मशीन सकाळपर्यंत नुसतं बसून राहतं.