पहिली ग्रँड स्लॅम वारी: मेलबर्न की विम्बल्डन?

ठाण्याच्या पाचपाखाडीत सकाळी आमच्याबरोबर टेनिसची दुहेरी खेळणाऱ्या एका जोडप्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत. दागिना नको, समारंभ नको, एकदा ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, डोळ्यांनी बघायची, असं दोघांनी ठरवलंय. प्रश्न एवढाच उरलाय की जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन बघायला मेलबर्नला जायचं की जून-जुलैत विम्बल्डनला. मी दोन्हीकडे जाऊन आलोय म्हणून त्यांनी मला विचारलं. खेळ संपल्यावर चहा पिताना त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा जात असाल तर मेलबर्नला जा, आणि तेही पहिल्या आठवड्यात.

मुख्य कारण तिकिटाचं. ऑस्ट्रेलियन ओपनची तिकिटं साधारण ऑक्टोबरात ऑनलाइन सुटतात. तारीख, कोर्ट, दिवसाचं सत्र की रात्रीचं, खुर्ची कुठली, हे सगळं ठाण्यात घरी बसून ठरवता येतं. विम्बल्डनचं तसं नाही. तिथे सोडत निघते. आदल्या वर्षी सप्टेंबरच्या सुमारास नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. नंबर लागला तरी दिवस आणि कोर्ट तेच ठरवणार, आणि ते तिकीट दुसऱ्या कुणाला देता येत नाही. डिबेंचरची, म्हणजे क्लबचे कर्जरोखे घेणाऱ्यांच्या राखीव खुर्च्यांची, तिकिटं उघड विकत मिळतात, पण त्यांचे भाव आपल्यासारख्यांना झेपणारे नाहीत. म्हणजे सोडत लागली नाही की उरते रांग.

या रांगेबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण खेळ बघण्याइतकंच तेही अनुभवण्यासारखं आहे. सेंटर कोर्ट, एक नंबर आणि दोन नंबर या तिन्ही कोर्टांची रोज प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटं रांगेतल्या लोकांसाठी ठेवलेली असतात. सेंटर कोर्टची मात्र शेवटचे चार दिवस नसतात. त्यासाठी आदल्या दिवशीच विम्बल्डन पार्कच्या हिरवळीवर तंबू ठोकून झोपायचं. तंबू दोन माणसांचाच हवा. पोहोचल्याबरोबर हातात क्रमांक लिहिलेलं कार्ड पडतं आणि त्या कार्डाचा मान सगळे राखतात, कुणी मध्ये घुसत नाही. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं राहिलेल्या माणसाला ही शिस्त लगेच ओळखीची वाटेल. पहाटे स्वयंसेवक तंबूच्या कापडावर टकटक करून उठवतात, सामान ठेवायला जागा असते, आणि दहाला दारं उघडतात. एका माणसाला एकच तिकीट मिळतं.

आम्ही २०२३ मध्ये गेलो तेव्हा तंबू नेला नव्हता. साध्या ग्राऊंड पासासाठी, म्हणजे आत शिरून बाहेरच्या छोट्या कोर्टांवर कुठेही बसायच्या तिकिटासाठी, सकाळी लवकर रांगेत लागलो. साउथफील्ड्स स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. तो ४ जुलैचा मंगळवार होता आणि त्या दिवशी पावसाने छताखालची दोन कोर्टं सोडून जवळजवळ सगळा खेळ धुऊन नेला. मुंबईचा मुसळधार पाऊस मागे ठेवून गेलो आणि तिथे ओल्या बाकावर छत्री धरून झाकलेलं कोर्ट बघत बसलो. ताडपत्री ओढायची, हवा भरून ती फुगवायची, पुन्हा काढायची, हे काम तिथली पोरं ज्या सफाईने करतात ते मी अर्धा दिवस पाहिलं. टेनिस पाहिलं जेमतेम तासभर. खूप हळहळ वाटली, कारण त्या सहलीत आमच्याकडे विम्बल्डनसाठी एवढा एकच दिवस होता. ग्राऊंड पास तसा स्वस्त आहे, २०२५ मध्ये सुरुवातीच्या दिवसांत ३० पौंड होता. दुपारनंतर लवकर निघून जाणाऱ्यांची मोठ्या कोर्टांची तिकिटं १०-१५ पौंडांत पुन्हा विकली जातात आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. पण पाऊस असला की जागेवरून कुणीच उठत नाही. विम्बल्डन ठरवलंत तर किमान तीन दिवस हाताशी ठेवा.

मेलबर्नला तिन्ही मोठ्या कोर्टांवर सरकतं छत आहे. रॉड लेव्हर अरीनात सुमारे १५ हजार माणसं बसतात, पण मी ग्राऊंड पासाचाच आग्रह धरीन. पहिल्या तीन-चार दिवसांत सकाळी अकराला एकाच वेळी डझनभर कोर्टांवर सामने सुरू होतात, आणि जॉन केन अरीनासारख्या मोठ्या कोर्टवरच्या मोकळ्या जागाही याच पासावर मिळतात. १६ जानेवारी २०२४ ला आम्ही असेच बाहेरच्या एका कोर्टवर जाऊन बसलो. सुमित नागल तीन फेऱ्यांची पात्रता खेळून वर आला होता आणि समोर ३१वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिक. टीव्हीवर नागल बुटका आणि बचावात्मक वाटतो. जवळून बघितलं तेव्हा कळलं की तो फोरहँड मारताना दोन्ही पाय जमिनीवरून उचलतो आणि चेंडू रॅकेटवर बसल्याचा ठण्ण आवाज छातीत जाणवतो. बुब्लिकची सर्व्हिस सुटली की पहिल्या दोन रांगांतली माणसं आपोआप मागे सरकायची. नागल जिंकला, ६-४, ६-२, ७-६. १९८९ मध्ये रमेश कृष्णन यांनी याच स्पर्धेत मॅट्स विलँडरला हरवलं होतं, त्यानंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा हा पहिलाच भारतीय. माझ्या शेजारी नांदेडहून तिकडे शिकायला गेलेला एक मुलगा होता. तो रडत होता आणि मीही. त्याच स्पर्धेत पुढे रोहन बोपण्णा ४३व्या वर्षी दुहेरी जिंकला, पण तोवर आम्ही घरी परतलो होतो.

मेलबर्नमध्ये खरा त्रास होतो तो उन्हाचा. २०१४ मध्ये सलग चार दिवस पारा चाळिशीच्या वर होता. आपल्याकडच्यासारखा घाम येत नाही, हवा कोरडी असते, त्यामुळे अंग भाजतंय हे उशिरा कळतं. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि रिकामी बाटली न्या. पाणी आत भरून मिळतं. आणखी एक गोष्ट मला तिथे जाऊन कळली. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. म्हणून मोठ्या कोर्टची दिवसाची खुर्ची घेताना उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे पाठ असेल अशी घ्यावी, तिथे सावली आधी येते. रात्रीच्या सत्राचं तिकीट घेणार असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी काही ठेवू नका. २०२३ मध्ये मरे आणि कोकिनाकिस यांचा सामना पहाटे ४ वाजून ५ मिनिटांनी संपला होता. विम्बल्डनला रात्री अकराला खेळ थांबतोच.

खाण्याचं दोन्हीकडे सोपं आहे, डबा आत नेऊ देतात. फक्त ऑस्ट्रेलियात उतरताना दशम्या, चटणी, लाडू, जे असेल ते प्रवासी कार्डावर लिहून जाहीर करा. लपवलं तर जबर दंड होतो. दुधाच्या मिठाया नेऊच नयेत.

व्हिसा ऑस्ट्रेलियाचा ऑनलाइन निघतो, ब्रिटनसाठी बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर जावं लागतं. मुलं दहावी-बारावीला असतील तर जानेवारी कठीण; जूनअखेरीस शाळा नुकत्या सुरू झालेल्या असतात, तेव्हा आठवडाभराची रजा काढता येते. विम्बल्डनच्या बाजूने हा मुद्दा मी मनापासून मान्य करतो. लंडनला कुणी नातेवाईक असतील तर तोही मोठा आधार, राहण्याचा खर्चच वाचतो.

आठवडाभराची रजाही मिळत नसेल तर फेब्रुवारीतली दुबईची टेनिस स्पर्धा बघा. विमानाने तीन-साडेतीन तास, स्टेडियम पाचएक हजारांचं, आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत आधी महिला, मग पुरुष. सानिया मिर्झा आपली शेवटची स्पर्धा २०२३ मध्ये तिथेच खेळली.

आणि एवढा खर्च करायच्या आधी एकदा घराजवळचं टेनिस बघून या. २०२४ आणि २०२५ च्या फेब्रुवारीत चर्चगेटला सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) कोर्टांवर महिलांची डब्ल्यूटीए १२५, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालची, स्पर्धा झाली. ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटी, पुढे टॅक्सी. २०१७ मध्ये ही स्पर्धा जिंकलेली आर्यना साबालेन्का पुढे मेलबर्नला दोनदा विजेती झाली. दिवसभर कडक बाकावर बसून एकामागून एक सामने बघणं आपल्याला खरंच आवडतं का, हे तिथे कळतं.

आमच्या जोडप्यातल्या वहिनींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, तंबूत जमिनीवर झोपणं त्यांना जमणार नाही. त्यामुळे त्यांचं मेलबर्न ठरलं. ऑक्टोबरात तिकिटं सुटली की दोघं लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येणार आहेत. सोमवार ते बुधवार ग्राऊंड पास, आणि गुरुवारी दुपारी रॉड लेव्हरमध्ये दोन खुर्च्या, उत्तरेकडे पाठ असलेल्या.